मध्यवर्ती स्थान, दळणवळण आणि व्यापार-उद्योग : नागपूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एखाद्या ठिकाणी व्यापार अथवा उद्योग का स्थिरावतो, या प्रश्नाचा विचार अर्थशास्त्र आणि भूगोल या दोन्ही शास्त्रांनी केलेला आहे. जर्मन अभ्यासक व्हॉन थ्यूनेन याने १८२६ मध्ये बाजारपेठेपासूनचे अंतर आणि जमिनीचा उपयोग यांतील संबंध मांडला. आल्फ्रेड वेबर याने १९०९ मध्ये कारखान्याचे स्थान ठरविताना वाहतूक खर्चाला मध्यवर्ती महत्त्व दिले, तर वॉल्टर ख्रिस्टॅलर याने १९३३ मध्ये मध्यवर्ती स्थळाचा सिद्धांत मांडला. या तिन्ही विचारवंतांच्या मांडणीत अंतर हा मूलभूत घटक आहे. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला केवळ अंतरावर थांबता येत नाही. अंतर तेच राहते, परंतु ते ओलांडण्याचे साधन, त्यासाठी पडणारा खर्च आणि वाटेतील सीमा या गोष्टी काळानुसार बदलतात. त्यामुळे एकाच शहराचे मध्यवर्तीपण एका कालखंडात लाभदायक, तर दुसऱ्या कालखंडात निरुपयोगी ठरू शकते.

या दृष्टीने नागपूर शहराचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. नागपूर देशाच्या मध्यभागी आहे, म्हणून येथे व्यापार-उद्योग वाढले पाहिजेत, असे विधान अनेक दशकांपासून केले जात आहे. औद्योगिक परिषदांतील भाषणे, विकास आराखडे, माहितीपत्रके या सर्वांत ते आढळते. प्रस्तुत लेखात या विधानाची ऐतिहासिक तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. नागपूरच्या मध्यवर्ती स्थानाची कल्पना कशी निर्माण झाली ते पाहणे.
२. रेल्वे, हवाई टपाल आणि रस्ते या साधनांमुळे त्या स्थानाला आर्थिक मूल्य कसे व केव्हा प्राप्त झाले याचा शोध घेणे.
३. राजकीय सीमा आणि शासकीय धोरणे यांचा त्या मूल्यावर झालेला परिणाम तपासणे.
४. या स्थानाचा लाभ प्रत्यक्षात कोणत्या घटकांना मिळाला याचा विचार करणे.

मध्यवर्ती स्थान ही निसर्गाने एकदाच दिलेली देणगी नसून दळणवळणाची साधने, दरपद्धती आणि प्रशासकीय सीमा यांतून घडणारी व मोडणारी स्थिती आहे, हे या अभ्यासाचे गृहीतक होय. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

मध्य कोणता?

नागपूरमधील शून्य मैलाचा दगड सर्वपरिचित आहे. ब्रिटिश काळात त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामाशी निगडित असा हा स्तंभ १९०७ मध्ये उभारला गेला. समुद्रसपाटीपासूनची उंची निश्चित करण्यासाठी त्याचा उपयोग होता. पुढे हा दगड म्हणजे भारताचा भौगोलिक मध्यबिंदू अशी लोकधारणा रूढ झाली. वास्तविक कोणत्याही प्रदेशाचा मध्यबिंदू त्या प्रदेशाच्या सीमांवर अवलंबून असतो. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. १९४७ मध्ये फाळणी झाली. या प्रत्येक घटनेने नकाशाचा मध्य सरकला. आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यातील करौंदी या गावाचे नाव सांगितले जाते. करौंदी हे मोठे व्यापारी केंद्र नाही, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. नकाशावरचा मध्य आणि व्यापाराचा मध्य या दोन भिन्न गोष्टी आहेत.

नागपूरचे व्यापारी मध्यवर्तीपण मोजावयाचे झाल्यास ते रेल्वेच्या अंतरांनी मोजणे अधिक योग्य ठरेल. नागपूरहून मुंबई ८३७ किलोमीटर, हावडा १,१३१ किलोमीटर, तर दिल्ली आणि चेन्नई ही दोन्ही शहरे प्रत्येकी सुमारे १,०९० किलोमीटर अंतरावर आहेत. देशातील चार महानगरांपासून इतके समतोल अंतर असणारे दुसरे मोठे शहर आढळत नाही. तथापि ही अंतरे आपण आज रुळांवरून मोजतो. ते रूळ पडेपर्यंत या समतोलाला व्यापारी अर्थ नव्हता.

रेल्वेपूर्व काळातील व्यापार

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. पुढे भोसले घराण्याच्या काळात ते एका विस्तीर्ण राज्याची राजधानी बनले. राजधानी असल्याने येथे सावकारी, धान्यबाजार आणि विणकाम वाढीस लागले. कोष्टी विणकरांनी तयार केलेल्या वस्त्रांना दूरवर मागणी होती. परंतु मोठ्या प्रमाणावरील जड मालाच्या वाहतुकीच्या दृष्टीने हा प्रदेश चारही बाजूंनी समुद्रापासून दूर होता. आज ज्याला आपण मध्यवर्ती म्हणतो, तेच त्या काळी दुर्गम होते.

वऱ्हाड व नागपूर प्रांतातील कापूस बंजाऱ्यांच्या लमाण तांड्यांतून बैलांच्या पाठीवर लादून जबलपूरमार्गे मिर्झापूरला जात असे. तेथून तो गंगेतील नावांनी कलकत्त्याकडे रवाना होई. नागपूर ते मिर्झापूर हे अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक आहे. धूळ, पाऊस, नद्यांचे उतार आणि चाऱ्याची टंचाई यांमुळे माल खराब होई व भांडवल महिनोन्महिने वाटेत अडकून पडे. परतीच्या प्रवासात बंजारे मीठ व इतर जिन्नस आणीत. जड आणि स्वस्त माल लांब नेणे परवडत नसे, हे या व्यवस्थेचे मूळ वैगुण्य होते.

सन १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूर राज्यावर इंग्रजांचे वर्चस्व प्रस्थापित झाले. १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठी येथे लष्करी छावणी स्थापन झाली. छावणीच्या आश्रयाने कामठीत पेढ्या आणि घाऊक व्यापार इतका वाढला की काही काळ ते या भागातील एक प्रमुख व्यापारी ठाणे बनले. तिसरे रघुजी भोसले यांचे १८५३ मध्ये निधन झाल्यानंतर १८५४ मध्ये डलहौसीने हे राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. पुढे रेल्वे नागपूरला आल्यानंतर कामठीचा व्यापार उतरणीस लागला व तो नागपूरकडे वळला. नागपूर आणि कामठी यांच्यात अंतर सुमारे पंधरा किलोमीटरच आहे. देशाच्या नकाशावर दोन्ही सारखीच मध्यवर्ती आहेत. तरीही एकाचा व्यापार घटला व दुसऱ्याचा वाढला, यावरून नुसत्या स्थानापेक्षा वाहतुकीच्या साधनाशी असलेला संबंध निर्णायक ठरतो हे स्पष्ट होते.

रेल्वे : शेवटच्या स्थानकापासून चौकापर्यंत

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यामुळे वऱ्हाडच्या कापसाचे भाव अभूतपूर्व चढले व तो मुंबई बंदरात वेगाने पोहोचविणे ही ब्रिटिश व्यापाऱ्यांची निकड बनली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळ, बडनेरा, वर्धा या मार्गाने १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मुंबईच्या दिशेने माल काही दिवसांत जाऊ लागला आणि मिर्झापूरच्या वाटेचे महत्त्व संपुष्टात आले.

मात्र येथे एक महत्त्वाची बाब नोंदविली पाहिजे. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा पहिला लोहमार्ग नागपूरवरून गेला नाही. तो १८७० मध्ये भुसावळ, जबलपूर, अलाहाबाद असा पूर्ण झाला. नागपूर हे एका फाट्याचे शेवटचे स्थानक राहिले. नकाशावर मध्यभागी असलेले शहर रेल्वेच्या जाळ्यात मात्र टोकाला होते. या काळातील नागपूरच्या व्यापाराचे स्वरूपही तसेच होते. पूर्वेकडून बैलगाड्यांनी आलेला माल येथे उतरावयाचा आणि पश्चिमेकडे मुंबईला रवाना व्हावयाचा, अशी ही एकतर्फी वाहतूक होती.

त्यानंतर नागपूर-छत्तीसगढ रेल्वे हा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी राजनांदगावपर्यंत पूर्ण झाला आणि छत्तीसगढचे धान्य नागपूरकडे येऊ लागले. परंतु दोन्ही मार्गांच्या रुळांची रुंदी वेगळी असल्याने माल नागपूरला उतरवून पुन्हा भरावा लागे. यामुळे हमाल, अडते व गोदामवाले यांना काम मिळाले, पण मालाचा खर्च वाढला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग रुंद केला आणि १८९१ मध्ये नागपूर-आसनसोल मार्ग पूर्ण झाला. १९०० मध्ये हावड्याशी थेट जोडणी झाल्यावर मुंबई-कलकत्ता हा जवळचा मार्ग नागपूरवरून सुरू झाला. अशा प्रकारे पूर्व-पश्चिम अक्षावर नागपूर खऱ्या अर्थाने मधले स्थानक बनण्यास १८६७ पासून तेहेतीस वर्षे लागली.

उत्तर-दक्षिण अक्षास आणखी विलंब झाला. इटारसी-नागपूर मार्ग १९२० च्या दशकात पूर्ण झाला. त्याच सुमारास, १९२५ मध्ये, नागपूर स्थानकाच्या सध्याच्या दगडी इमारतीचे उद्घाटन झाले. बल्लारशाह व काझीपेठ यांच्यातील दुवा १९२९ मध्ये सांधला गेला आणि दिल्ली-मद्रास हा थेट मार्ग खुला झाला. चार दिशांचे मार्ग एकत्र येणारे स्थानक या अर्थाने नागपूरचे मध्यवर्तीपण १९२९ मध्ये पूर्ण झाले, असे म्हणता येईल.

एम्प्रेस मिल : स्थाननिवडीचे एक उदाहरण

नागपूर अद्याप शेवटचे स्थानक असतानाच एका उद्योजकाने येथे गिरणी उभारण्याचा निर्णय घेतला. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर स्थापन केली. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. आरंभी सुमारे तीस हजार चात्या व ४५० माग होते.

त्या काळी कापडगिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण होते. भांडवल, यंत्रे, कुशल कामगार आणि बंदर हे सर्व मुंबईत उपलब्ध असताना टाटांनी सुमारे साडेआठशे किलोमीटर आत येण्याचे कारण काय? वेबरचा सिद्धांत त्यानंतर तीन दशकांनी मांडला गेला, तरी टाटांचे गणित त्याच जातीचे होते. वऱ्हाडचा कापूस मुंबईला न्यावयाचा, तेथे त्याचे कापड करावयाचे आणि तेच कापड पुन्हा मध्य प्रांतात विकावयास आणावयाचे, यात दुहेरी भाडे पडत होते. नागपूरला कापूस जवळ होता, वरोऱ्याच्या खाणींमुळे दगडी कोळसा जवळ उपलब्ध होऊ लागला होता, जमीन स्वस्त होती, विणकामाची परंपरा होती आणि तयार मालाला भोवतालची बाजारपेठ होती. रेल्वे ही या सर्वांना जोडणारी कडी होती. गिरणीचे व्यवस्थापक म्हणून टाटांनी बेझनजी दादाभाई मेहता यांची निवड केली. त्यांचा पूर्वानुभव कापडधंद्याचा नसून रेल्वेतील होता. वाहतुकीचे दर आणि मालाची ने-आण जाणणारा माणूस गिरणीच्या प्रमुखपदी नेमणे ही बाब टाटांच्या विचाराची दिशा दर्शविते.

जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भराव घालून गिरणीसाठी तयार करण्यात आली. त्या वेळी एका स्थानिक सावकाराने, जमिनीत पैसे पुरणाऱ्या माणसाला कर्ज देण्यास नकार दिल्याची आणि पुढे आपली चूक मान्य केल्याची हकिगत टाटांच्या चरित्रांत सांगितली जाते. आरंभीची वर्षे मात्र सोपी नव्हती. यंत्रे सुमार दर्जाची निघाली. मजुरांच्या गैरहजेरीचे प्रमाण मोठे होते. नवी यंत्रे आणि कामगारांसाठी हजेरीची बक्षिसे, निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी अशा योजना यांतून गिरणीचा पाया स्थिर झाला. याचा अर्थ स्थानाने केवळ संधी दिली, तिचा लाभ व्यवस्थापनाने मिळविला.

एम्प्रेस मिलचा शेवटही तितकाच बोलका आहे. १९८६ मध्ये टाटांच्या कंपनीने गिरणी सोडली, ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेच्या एका भागावर पुढे व्यापारी संकुल उभे राहिले. कापूस तेव्हाही जवळच होता, रेल्वे पूर्वीपेक्षा चांगली होती आणि चारही महानगरांची अंतरे तीच होती. जुनी यंत्रे, यंत्रमागाची स्पर्धा, कृत्रिम धागा आणि गुंतवणुकीचा अभाव यांपुढे ही अंतरे गिरणीला वाचवू शकली नाहीत.

रात्रीची टपाल विमाने

मध्यवर्ती स्थानाचा अत्यंत शुद्ध स्वरूपातील उपयोग नागपूरच्या इतिहासात एकदा झाला. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून प्रत्येकी एक विमान रात्री निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्या व प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. दिल्लीत सायंकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला मिळू लागले.

या व्यवस्थेमागील तत्त्व सोपे होते. चार शहरे परस्परांशी थेट जोडावयाची तर सहा मार्ग लागतात. एका मध्यवर्ती ठिकाणी सर्वांना आणले तर चार मार्ग पुरतात. शहरांची संख्या दहा झाली तर थेट जोडणीला पंचेचाळीस मार्ग लागतील, मध्यवर्ती पद्धतीत केवळ दहा. शहरांची संख्या जितकी वाढते तितकी मधल्या ठिकाणाची बचत वाढते. अमेरिकेत फेडरल एक्सप्रेस या कंपनीने मेम्फिस शहर केंद्र मानून याच तत्त्वावर एप्रिल १९७३ मध्ये आपली रात्रीची सेवा सुरू केली आणि त्यातून एक जागतिक उद्योग उभा राहिला. नागपूरने हा प्रयोग त्यापूर्वी चोवीस वर्षे केला होता.

ही सेवा निर्विघ्न नव्हती. रात्रीच्या उड्डाणाची साधने तुटपुंजी असल्याने आरंभीच विमान कंपन्यांच्या वर्तुळातून सुरक्षिततेविषयी शंका घेतल्या गेल्या होत्या आणि डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून उड्डाण करताच एका टपाल विमानास भीषण अपघात झाला. तरीही सेवा दोन दशकांहून अधिक काळ चालली. पुढे जेट विमाने आली. त्यांचा वेग व पल्ला वाढल्याने महानगरे परस्परांशी थेट जोडली गेली आणि १९७० च्या दशकात नागपूरच्या मध्यरात्रीच्या भेटीची गरज उरली नाही. डाकोटा विमानाच्या मर्यादित पल्ल्याने नागपूरला जे महत्त्व दिले होते, ते सुधारलेल्या विमानाने काढून घेतले.

मेम्फिस टिकले आणि नागपूर टिकले नाही, याचे कारण भूगोलात सापडत नाही. मेम्फिसच्या मागे छोट्या पार्सलांची वाढती मागणी, स्वतःची विमाने व वर्गीकरणाची यंत्रणा बाळगणारी एक कंपनी आणि मुक्त व्यापारी धोरण होते. नागपूरची सेवा सरकारी टपालापुरती मर्यादित राहिली. विमानतळाभोवती गोदामे, दुरुस्ती किंवा मालवाहतुकीचा व्यवसाय त्यातून उभा राहिला नाही.

सीमा आणि धोरणे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. मध्य प्रांत व वऱ्हाड, आणि नंतरचे मध्य प्रदेश, यांची राजधानी असलेले नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाले. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरविण्याची तरतूद केली होती. परंतु राजधानीसोबत येणारी कार्यालये, पेढ्या व ग्राहक यांचा मोठा भाग गेला. देशाच्या मध्यभागी असलेले शहर आपल्या राज्याच्या पूर्व टोकाला आले. इतवारी व गांधीबागच्या घाऊक बाजाराचा पारंपरिक ग्राहक छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, दुर्ग, रायपूर या भागांतील होता. आता तो परराज्यातील ठरला.

या सीमेचा व्यापारी अर्थ करपद्धतीने ठरविला. केंद्रीय विक्रीकर कायदा १९५६ मध्ये आला. राज्याबाहेर माल विकला तर हा कर द्यावा लागे. तो टाळण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात स्वतंत्र गोदाम ठेवून माल विक्री न करता केवळ हस्तांतरित करीत. त्यामुळे एका मध्यवर्ती ठिकाणी मोठे गोदाम ठेवून चार राज्यांना माल पुरविण्याचा नागपूरचा स्वाभाविक लाभ कागदावर राहिला. त्यात जकात नाके आणि राज्यांच्या सीमेवरील तपासणी नाके यांची भर पडली.

मालभाड्याच्या धोरणाचा परिणामही असाच होता. ब्रिटिश काळात रेल्वेचे दर बंदरांकडे जाणाऱ्या व बंदरांतून येणाऱ्या मालाला अनुकूल होते, अशी टीका १९१६ ते १९१८ च्या औद्योगिक आयोगाने केली होती. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात मालभाडे समानीकरणाचे धोरण आले. पोलाद देशात कोठेही जवळजवळ एकाच भाड्याने मिळू लागले. पोलादाच्या बाबतीत हे धोरण १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत राहिले. त्याचे सर्वाधिक नुकसान खनिजसमृद्ध पूर्वेकडील राज्यांचे झाले, हे सर्वमान्य आहे. परंतु भिलाई व पश्चिम किनारा यांच्या मधल्या वाटेवर असलेल्या नागपूरलाही पोलादाच्या जवळिकीचा जो लाभ मिळावयास हवा होता, तो मिळाला नाही.

शेतकऱ्याच्या बाबतीत सीमेचा अनुभव अधिक प्रत्यक्ष होता. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासून लागू झाली. भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यांपासून उत्पादकाचे संरक्षण हा तिचा हेतू होता आणि अनेक वर्षी तिने तसे संरक्षण दिलेही. परंतु शेजारच्या राज्यात भाव अधिक असला तरी कापूस तेथे नेण्यास विदर्भातील शेतकऱ्याला मनाई होती. २००२ नंतर हे बंधन सैल झाले. तीन राज्यांच्या सांध्यावर राहण्याचा जो एक फायदा त्या शेतकऱ्याला मिळू शकला असता, तो तीस वर्षे त्याच्यासाठी बंद होता.

उदारीकरणानंतरचा काळ

सन १९९१ नंतर परिस्थिती बदलू लागली. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना झाली व नागपूरच्या विमानतळाभोवती मिहान प्रकल्प हाती घेण्यात आला. आंतरराष्ट्रीय मालवाहू विमानांचे केंद्र आणि त्यालगत विशेष आर्थिक क्षेत्र, अशी मूळ कल्पना होती. १९४९ च्या टपाल सेवेचेच हे विस्तारित रूप होते. विशेष आर्थिक क्षेत्रात माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, विमान दुरुस्तीचे केंद्र उभे राहिले. मात्र मालवाहतुकीच्या केंद्राची मूळ कल्पना अपेक्षित गतीने साकार झाली नाही. ज्यांच्या जमिनी या प्रकल्पासाठी गेल्या, त्यांच्या मोबदल्याचे व पुनर्वसनाचे प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिले.

याउलट रस्ते आणि करपद्धती यांतील बदलांचा परिणाम अधिक ठोस दिसतो. श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ नागपूरला परस्परांना छेदतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. केंद्रीय विक्रीकराचे बंधन संपले, राज्यांच्या सीमेवरील विक्रीकर तपासणी नाके उठले आणि प्रत्येक राज्यात गोदाम ठेवण्याचे कारण उरले नाही. साठ वर्षे कागदावर राहिलेला मध्यवर्ती गोदामाचा लाभ प्रथमच व्यवहारात उतरू लागला. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये व अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. राज्याच्या टोकावर असलेल्या या शहराचे राजधानीपासूनचे अंतर किलोमीटरमध्ये फारसे नाही, तरी तासांमध्ये निश्चितच कमी झाले.

लाभ कोणाचा?

मध्यवर्ती स्थानाचा लाभ झाला असे म्हणताना तो कोणाला झाला हे पाहणे इतिहासलेखनाचे कर्तव्य आहे. १८६७ च्या रेल्वेने वऱ्हाडचा कापूस लवकर व स्वस्तात मुंबईला पोहोचविला. त्याच रेल्वेने विलायती कापडही तितक्याच स्वस्तात नागपूरच्या बाजारात आणले आणि येथील कोष्टी विणकराचा धंदा संकटात आणला. म्हणजे चांगला रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. ज्याच्याजवळ विकण्यासारखा पक्का माल आहे त्याला तो बाजारपेठ मिळवून देतो, ज्याच्याजवळ तो नाही त्याच्या दारी स्पर्धक आणून सोडतो.

गोदाम आणि कारखाना यांतील भेदही येथे ध्यानात घ्यावा लागेल. गोदामाला जागा मोठी लागते, माणसे थोडी लागतात. एम्प्रेस मिलने हजारो कामगारांना पिढ्यान्‌पिढ्या रोजगार दिला. त्यांच्या वस्त्या, संघटना व चळवळी यांनी नागपूरचे सार्वजनिक जीवन घडविले. केवळ माल उतरवून पुढे पाठविणारे केंद्र अशी सामाजिक घडण करू शकेल काय, हा प्रश्न गंभीर आहे. विदर्भातील कापूस गाठींच्या रूपाने आणि संत्रा पेट्यांच्या रूपाने बाहेर जातो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी प्रक्रिया उद्योग त्या प्रमाणात वाढला नाही. माल ज्या वेगाने बाहेर जातो त्या वेगाने मूल्य येथे थांबत नसेल, तर मध्यवर्ती स्थान हे केवळ वाटेवरचे ठिकाण राहते.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. नागपूरचे मध्यवर्ती स्थान रेल्वेपूर्व काळात व्यापारास अनुकूल नव्हते. किनाऱ्यांपासून दूर असल्याने जड मालाच्या दृष्टीने हा प्रदेश दुर्गम होता.

२. रेल्वे येताच शहर मध्यवर्ती बनले नाही. १८६७ ते १९२९ या बासष्ट वर्षांत टप्प्याटप्प्याने ते चार दिशांच्या मार्गांचे मीलनस्थान झाले.

३. एम्प्रेस मिलचे यश कच्चा माल, इंधन, बाजारपेठ व रेल्वे यांच्या एकत्र येण्यात होते आणि ते टिकविण्याचे श्रेय व्यवस्थापनाकडे जाते. गिरणी बंद पडताना स्थान तेच होते.

४. तंत्रज्ञान मध्यवर्तीपण देते तसेच ते काढूनही घेते. रात्रीच्या हवाई टपाल सेवेचा उदय व अस्त याचे उत्तम उदाहरण होय.

५. राज्यांच्या सीमा, विक्रीकर, जकात, मालभाड्याचे समानीकरण आणि कापूस खरेदीवरील बंधने यांनी १९५६ नंतर अनेक दशके या स्थानाचा लाभ रोखून धरला. २०१७ नंतर त्यांतील करविषयक अडसर मोठ्या प्रमाणात दूर झाला आहे.

गृहीतकाची पडताळणी करता ते सिद्ध होते. धोरणकर्त्यांच्या दृष्टीने यातून निघणारा बोध असा की, नागपूर मध्यभागी आहे या विधानावर विकासाची योजना आधारता येणार नाही. मध्यभागी येणाऱ्या कापसाचे सूत व कापड, संत्र्याचा रस आणि खनिजाचे यंत्र येथेच व्हावे, अशी गुंतवणूक व कौशल्ये त्या विधानाला जोडली पाहिजेत. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये हाच विचार केला होता. तेव्हा नागपूरला रेल्वेचा एकच मार्ग येत होता, आणि तोही येथे संपत होता.